एक जूनला जन्मलेली नऊ पोरं

“नऊ पोरं! नऊच्या नऊ एक जूनला जन्मली? बाई, ही माणसांची पोरं आहेत की हॅचरीतली पिल्लं?”

जिल्ह्याहून तपासणीला आलेले साहेब ओरडत होते. आवाज असा, की तलासरीच्या आमच्या वसतिगृहाच्या पत्र्यावर बसलेले कावळे जे उडाले ते गुजरातची हद्द ओलांडूनच खाली टेकले. हद्द तशी जवळच आहे. पण कावळ्यालाही काही अब्रू असते, उगाच कुणी राज्य सोडून जात नाही.

टेबलावर प्रवेशाचं रजिस्टर उघडं पडलं होतं. अक्षर माझं. टपोरं, वळणदार, शिरोरेघ अशी सरळ की तिच्यावर पाण्याचा पेला ठेवावा. ‘जन्मतारीख’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत नऊ वेळा एक जून. वर्षं तेवढी वेगवेगळी.

“साहेब,” मी म्हटलं, “आमच्याकडे असंच असतं.”

“असंच म्हणजे कसं?”

मग मी त्यांना थोडक्यात सांगितलं. थोडक्यात म्हणजे अर्ध्या तासात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत उभा जन्म काढला. सुरुवात सायवनकडच्या पाड्यांवर केली आणि डहाणूला मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. शाळा उघडायच्या आधी पाडे पालथे घालून पोरं गोळा करायची हे आमचं काम. आईला विचारायचं, हा कधी झाला गं? आई म्हणणार, नागलीला कणसं धरली होती तेव्हा. कुठल्या वर्षी? सासरा गेला त्या वर्षी. सासरा कधी गेला? हा पोटात होता तेव्हा. असं गोल गोल फिरून डोकं गरगरलं की पोराला उभं करायचं आणि सांगायचं, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. घ्या पहिलीत. आणि तारीख? एक जून. शाळा सुरू व्हायच्या आत सहा पूर्ण, कुणाची कटकट नाही. डहाणू-तलासरीत एक जूनला जन्मलेली जेवढी माणसं आज हिंडतायत, त्यातली निम्मी त्यांच्या आयांनी नाही, मी जन्माला घातली आहेत, निळ्या शाईने. त्या सगळ्यांनी एकाच दिवशी वाढदिवस करायचं मनावर घेतलं तर दोन्ही तालुक्यांतले बेकरीवाले भट्ट्या टाकून पळून जातील.

“माझीपण एक जूनच,” शेजारी उभी असलेली अधीक्षिका हळूच म्हणाली. ही उधव्याची, भात-नागली पिकवणाऱ्या घरातली, एकेकाळी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून माझाच खडू खाणारी. आता वसतिगृह चालवते आणि मला धाक दाखवते. “तुम्हीच टाकलेली, बाई.”

“साहेब, तुमची कितीची?” मी विचारलं.

साहेबांचे कान लाल झाले, आणि आयुष्यभर कान बघून माणसाचं वय ठरवलेली बाई आहे मी. मला उत्तर मिळालं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण ही नऊ पोरं पाड्यावरची नव्हती.

ती आली होती देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, ईशान्येकडच्या डोंगरांतून. तिकडे माणसांनी माणसांची गावं जाळली. कुणी आधी जाळली आणि कुणी नंतर, हे मी इथे लिहिणार नाही. नऊ पोरांतल्या एकानेही काडी ओढली नव्हती, एवढं मला पुरेसं आहे. घरं गेली, शाळा गेल्या. उरलेल्या शाळांत छावण्या बसल्या. वर्गात फळ्याखाली चुली पेटल्या, मग पोरांनी शिकायचं कुठे? तेव्हा तिकडची एक संस्था आईबापांना विचारून, त्यांचे अंगठे-सह्या घेऊन, मुलांना देशभरातल्या वसतिगृहांत पाठवायला लागली. त्यातली नऊ मे महिन्यात आमच्या वाट्याला आली. सगळ्या मुली. आठ जणी दहा वर्षांच्या वरच्या, आणि एक धाकटी, आपल्या मोठ्या बहिणीच्या झग्याला धरून आलेली.

‘थंड डोंगरातली पोरं येणार’ अशी बातमी डहाणूत फुटली आणि आमच्या नोकरदार मंडळींचं मन भरून आलं. रेल्वेच्या क्वार्टर्समधून, शिक्षक सोसायटीतून स्वेटरांचा पूर आला. मे महिना, डहाणूचा घाम, आणि टेम्पोभर लोकर! एका गृहस्थांनी कानटोप्या आणल्या होत्या. मी म्हटलं, भाऊसाहेब, पोरी डोंगरातून निघाल्यात, डोंगर घेऊन नाही येत. ते रागावले, पण दुसऱ्या दिवशी टेबलफॅन घेऊन आले. चांगला माणूस.

पोरी मात्र जेवेनात. वरण-भातातला भात खायच्या आणि वरणाकडे असं बघायच्या, जसं काही ते कुणीतरी आधीच खाऊन झालेलं आहे. चार दिवस असे गेले. अधीक्षिकेचा जीव अर्धा झाला. पाचव्या दिवशी वरोरची एक कोळीण वसतिगृहात सुके बोंबील आणि सुकट देऊन गेली, आम्हा मोठ्यांसाठी म्हणून. स्वयंपाकघरात तव्यावर सुकट पडली मात्र, नऊच्या नऊ पोरी दारात उभ्या. वास घेत. त्यांच्याकडेही मासळी वाळवून खातात, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी पोरींनी जेवढा भात खाल्ला तेवढा पिकवायला उधव्याची चार शेतं लागतील. कोळणीला निरोप धाडला. दुसऱ्या आठवड्यात वरोरहून पोतंच आलं, आणि आमच्या वसतिगृहाचा वास एसटी स्टँडपर्यंत जाऊ लागला. कंडक्टर म्हणे घंटी न मारताच गाडी थांबवायचा.

तर अशा पोरी. पहिल्या दिवशी त्यांना घेऊन आलेल्या तिकडच्या कार्यकर्तीने हातात नावांची यादी ठेवली. बाकी सगळं जळालं होतं. वसतिगृहाच्या लोकांनी मला बोलावलं, बाई, तुमचा हात कागदाला बसलेला आहे, तेवढं रजिस्टर भरून द्या. मला कोण आनंद! निवृत्त झाल्यापासून मी किराणा मालाची यादीसुद्धा शिरोरेघ देऊन लिहीत होते. बसले पेन घेऊन. एकेकीला समोर उभी केली, अंदाजाने वर्ष धरलं. धाकटीला म्हटलं, हात डोक्यावरून ने, कान पकड. तिला वाटलं शिक्षा. तिने दोन्ही कान पकडले आणि उठाबशा काढायला लागली. मोठीने धावत येऊन तिला उभी केली, आणि माझ्याकडे असं बघितलं की माझ्या पेनातली शाई सुकली. पण रजिस्टर मी भरलं. हाताने आपोआप एक जून लिहिलं. मी विचारलंसुद्धा नाही. पोरींना हिंदी येत होतं, मोडकं, माझ्यासारखंच. विचारता आलं असतं.

आता साहेबांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं होतं.

“बाई, तुमचं पाड्यांवरचं मला सांगू नका. इतक्या लांबून मुली आणल्यात. उद्या मला वरून कोणी विचारलं तर मी काय दाखवू? हे?” त्यांनी रजिस्टरवर टिचकी मारली. “आणि ही लहान मुलगी इथे कशी? तुमच्या परवान्यात दहाच्या खालचं मूल बसत नाही.”

“ती त्या मोठीची सख्खी बहीण आहे. भावंडं एकत्र ठेवायची सूट असते.”

“असते. समिती देते. पण सख्खी आहे हे कशावरून? या रजिस्टरवरून? यातला एक शब्द तरी खरा आहे का, बाई?”

मी गप्प. माझ्या आयुष्यात मी गप्प बसल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतात आणि तरी अंगठा उरतो.

साहेब वाईट नव्हते. आवाज उतरवून त्यांनी नियम सांगितला. लहान मुलांसाठी हे वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचंच दुसरं घर सायवनला आहे. गुरुवारी बालकल्याणाच्या समितीची बैठक. तोवर धाकटीचा खरा कागद आला आणि दोघी बहिणी आहेत हे समितीला पटलं, तर दोघी इथे. नाहीतर शुक्रवारी धाकटी सायवनला.

तलासरी ते सायवन नकाशावर बोटभर आहे. प्रत्यक्षात दोन गाड्या बदला, तिसरीची वाट बघा, आणि पावसात रस्ता जिथे असेल तिथून जा. दोन बहिणींच्या मध्ये तेवढं पुष्कळ झालं.

दारात उभी राहून मोठीने सगळं ऐकलं होतं. मराठी तिला दोन महिन्यांत बरंच कळायला लागलं होतं, विशेषतः तिच्याविरुद्धचं. ती आत आली. वय असेल अकरा, उंची दाराच्या कडीएवढी. आमचं बोलणं नेहमीप्रमाणे मोडक्या हिंदीत झालं, मी ते इथे धड करून लिहिते.

“सायवनला शाळा आहे?” तिने साहेबांना विचारलं.

“आहे. पण चौथीपर्यंत. तू सहावीत आहेस.”

“मी बहिणीबरोबर दुसरीत बसेन.”

साहेब हसले. “दुसरीत? बाळ, तू सहावीची मुलगी, लहान पोरांत कशी बसणार?”

“पाय दुमडून,” ती म्हणाली.

साहेबांचं हसू थांबलं. ती विनोद करत नव्हती. तिने ठरवून टाकलं होतं. आईने छावणीच्या फाटकात धाकटीचा हात तिच्या हातात दिला होता, हे तिने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एकदाच. तो हात सुटू नये म्हणून ती चार इयत्ता खाली उतरायला तयार होती, आणि उतरली असती. मी अनेक पोरं पाहिली जी दुसरीतून हलायला तयार नव्हती, पण सहावीतून दुसरीत जायला निघालेली ही पहिलीच.

त्याच क्षणी मीही ठरवलं. चूक माझ्या पेनाची आहे. ही पोरगी दुसरीत बसणार नाही. गुरुवारपर्यंत कागद आणीन, नाहीतर माझी स्वतःची जन्मतारीख बदलून घेईन.

दिवस सोमवारचा. कागद देशाच्या त्या टोकाला. आणि तिकडे नेट बंद! दंगली व्हायला लागल्या की आधी नेट जातं, हे मला त्या आठवड्यात कळलं. कार्यकर्तीचा फोन कधी लागायचा, कधी ‘आपण डायल केलेला क्रमांक’ म्हणत एक बाई मला चार भाषांत नाही म्हणायची. तिला मी पाचवीत उत्तर दिलं, ती मराठी छापता येण्यासारखी नाही. मंगळवारपर्यंत मी इतके फोन लावले की फोन तापून त्यावर पापड भाजता आला असता. अधीक्षिका म्हणाली, “बाई, जेवून घ्या.” मी म्हटलं, “जेवते. रिंग वाजतेय तोवर वाढ.”

मंगळवारी दुपारी कार्यकर्ती लागली. तिला सगळं ओरडून सांगितलं. ती म्हणाली, छावणीत सगळ्यांची नोंद केलेली यादी आहे, सरकारी शिक्क्याची. तिचा फोटो काढून कुणाला तरी नेट असलेल्या गावापर्यंत उतरायला सांगते. मी मनातल्या मनात साहेबांना समितीसमोर माझी माफी मागायला लावून मोकळी झाले.

बुधवारी सकाळी फोटो आला. मी, अधीक्षिका आणि साहेब, तिघं मिळून तो उघडला. साहेब मुद्दाम आले होते. म्हटलं ना, वाईट नव्हते. अधीक्षिकेने बोटांनी फोटो मोठा केला. मोठीचं नाव होतं. धाकटीचं नाव तिच्या खालीच. दोघींच्या पुढे आईचं तेच एक नाव. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात साहेबांनी नुसतं एका रकान्यावर बोट फिरवलं, वरून खाली.

एक जानेवारी. एक जानेवारी. एक जानेवारी. अख्खी छावणी एक जानेवारीला जन्मलेली होती. म्हातारे, तान्ही, सगळे.

तिकडेही माझ्यासारखीच कुणीतरी बाई टेबलाशी बसली होती.

अधीक्षिकेने तोंडाला पदर लावला. हसू दाबत होती की रडू, मी विचारलं नाही. साहेब फोटोकडे बघत म्हणाले, “बाई, यावर मी समितीला काय सांगू? एक यादी जूनची, एक जानेवारीची. दोन्ही खोट्या.”

“तारखा खोट्या. पोरी खऱ्या आहेत.”

“मला माहीत आहे हो. पण मला माहीत असून काय उपयोग?” मग त्यांनीच वाट काढली. “आई बोलेल का? फोनवर? समिती आईचं ऐकून घेईल. मी विचारतो.”

आईकडे फोन नव्हता. छावणीत रेंज नव्हती. पुन्हा कार्यकर्ती, पुन्हा चार भाषांतलं नाही, पुन्हा माझी पाचवी. शेवटी समजलं की छावणीपासून दोन डोंगर पलीकडे आरोग्य केंद्र आहे आणि तिथल्या नर्सच्या टेबलावर तारेचा जुना फोन अजून जिवंत आहे. तो लागला. नर्सने ऐकून घेतलं आणि म्हणाली, निरोप पाठवते. पण बाईला उद्या पहाटे चालायला लागावं लागेल, आणि वाटेत चौकी आहे, सोडतील की नाही सांगता येत नाही.

“तिला सांग,” मी म्हटलं, “अकरा वाजता. पालघरला अकरा वाजता आम्ही फोनपाशी बसलेलो असू. ती येईपर्यंत मी समितीला उठू देणार नाही.”

हे मी कोणत्या अधिकारात म्हणाले, ते मलाही माहीत नव्हतं.

गुरुवारी वसतिगृहाच्या जीपमधून आम्ही पालघरला गेलो. साहेब, अधीक्षिका, मी, आणि दोघी पोरी. धाकटी सगळी वाट झोपली. मोठी बाहेर बघत राहिली. मी वाटेत एक भाषण तयार केलं. त्यात माझी सेवा होती, पाडे होते, नागली होती, माणुसकी तीन ठिकाणी होती. ऐकून भिंतींना पाझर फुटला असता असं भाषण.

समितीच्या अध्यक्षा माझ्याच वयाच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. पोरींना बाहेरच्या बाकावर बसवून त्यांनी मला बोलावलं. मी घसा खाकरला.

“मुख्याध्यापिका होतात?” त्या म्हणाल्या.

“हो. त्याचं असं आहे मॅडम, मी जेव्हा सायवनच्या...”

“या तारखा तुम्ही लिहिल्यात?”

“हो, पण त्यामागची...”

“मुलींना न विचारता?”

भाषण घशातच बसलं. “हो,” मी म्हटलं. “न विचारता. अंदाजाने. चूक माझी आहे, वसतिगृहाची नाही.”

त्यांनी लिहून घेतलं. मग चष्मा काढला. “तुम्हाला राग आला असेल की एका तारखेसाठी एवढं कशाला. ऐका. जाळपोळीतून निघालेली पोरं पळवून विकणारे लोक असतात. ते पहिलं काम काय करतात माहीत आहे? कागद बदलतात. नवी तारीख, नवी बहीण, नवी मावशी. तुमचं रजिस्टर आणि त्यांचं रजिस्टर माझ्या टेबलावर आलं तर मला दोन्ही सारखीच दिसतात. अक्षर तुमचं चांगलं आहे, एवढाच फरक.”

उभ्या आयुष्यात माझ्या अक्षराची कुणी एवढी वाईट स्तुती केली नव्हती. आणि त्यांचं बरोबर होतं.

अकराला दहा कमी होते. त्यांनी मोठीला दुसऱ्या खोलीत नेलं. एका सदस्य बाईंनी तिला चार प्रश्न विचारले आणि उत्तरं कागदावर लिहून कागद दुमडून अध्यक्षांच्या समोर ठेवला. मोठी पुन्हा बाहेरच्या बाकावर.

अकरा वाजले. फोन लावला. नर्स म्हणाली, आई आलेली नाही.

सव्वाअकरा. नाही. साडेअकरा. नाही. अध्यक्षांच्या टेबलावर दुसऱ्या प्रकरणांच्या फायली होत्या, बाहेर माणसं ताटकळली होती. मी अध्यक्षांना म्हटलं, “मॅडम, तुम्ही पुढची कामं घ्या. मी या फोनवरून उठत नाही.” आणि खरंच उठले नाही. चहा आला, मी फोन सोडला नाही. समितीने दोन प्रकरणं उरकली, मी कोपऱ्यात रिसीव्हर धरून. खुर्चीला माझं बूड असं चिकटलं होतं की उचललं असतं तर फरशी बरोबर आली असती. नर्सही तिकडे तशीच बसलेली. तीही हट्टीच निघाली. मधे मधे आम्ही एकमेकींना विचारायचो, हो, आहेस ना? आहे.

एकाला पाच कमी असताना पलीकडे दार वाजल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी जोरजोराने श्वास घेत होतं.

अध्यक्षांनी स्पीकर चालू केला. आई तिच्या भाषेत बोलायची, नर्स हिंदी करून सांगायची. चौकीवर दोन तास बसवून ठेवलं होतं, मग सोडलं. अध्यक्षांनी दुमडलेला कागद उघडला आणि एकेक प्रश्न विचारला.

“तुमची मोठी मुलगी कधी झाली?”

“भात कापायला आलं होतं तेव्हा.”

“धाकटी?”

“भात लावत होतो. चिखलातून उठून घरी गेले.”

“मधे किती वर्षं?”

पलीकडे बोटं मोजल्याची पुटपुट. “चार पिकं.”

मला सायवनचा पाडा दिसला. अगदी अशीच बाई, अगदी असंच उत्तर, आणि समोर पेन उघडून बसलेली मी. मी तेव्हाही ते लिहून घेतलं नव्हतं. मला वाटायचं, हे काही उत्तर नव्हे.

अध्यक्षांनी कागदाकडे पाहिलं, मान हलवली. “आता शेवटचं. धाकटी कशाला घाबरते?”

साहेब खाली बघायला लागले. अधीक्षिकेने माझा दंड धरला. आम्हा सगळ्यांना उत्तर माहीत होतं असं वाटत होतं. बंदूक म्हणेल, आग म्हणेल. ते ऐकायची आमच्यापैकी कुणाचीच तयारी नव्हती.

पलीकडून आईने काहीतरी एकच शब्द सांगितला. नर्सने पुन्हा विचारलं. आईने पुन्हा तोच सांगितला, जरा चिडून.

“बदकाला,” नर्स म्हणाली. “आई म्हणतेय, बदकाला. लहानपणी शेजारच्या बदकाने तिच्या मागे लागून ढुंगणाला चोच मारली होती.”

अध्यक्षांनी हातातला कागद साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी तो वाचून माझ्यापुढे धरला. सदस्य बाईंच्या घाईघाईच्या अक्षरात चौथं उत्तर होतं: बदक. मागे चावलं होतं.

आधी साहेब हसले. मग अधीक्षिका. मग अध्यक्षांनी चष्मा पुसायला काढला आणि पुसतच राहिल्या. मी आजवर पुष्कळ गोष्टी फुगवून सांगितल्या आहेत, आणि लोकही ते धरून चालतात. पण हे बदक मी एका पिसानेही फुगवलेलं नाही. दोन डोंगर आणि एक चौकी ओलांडून आलेल्या बाईने ते तसंच्या तसं पाठवलं होतं.

अध्यक्षांनी आदेश तिथेच लिहायला घेतला. डॉक्टरकडून वय तपासून घ्यावं. जन्म भातकापणीच्या आणि भातलावणीच्या हंगामात, असं आईच्या सांगण्यावरून नोंदवावं, तारीख रचू नये. रचू नये म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि दोघी सख्ख्या बहिणी असल्याने आई घ्यायला येईपर्यंत दोघींना तलासरीलाच, एकत्र, एका खोलीत ठेवावं.

“एका खोलीत लिहिलंत ना?” मी विचारलं.

“लिहिलं, बाई.”

“खाली रेघ मारा.”

त्यांनी मारली.

आईला नर्सने सांगितलं. थोड्या वेळाने नर्स म्हणाली, ती खाली बसलीय, पाणी पितेय, परत जायला निघेल. मग लाईन गेली.

मी आदेशाचा कागद घेतला आणि दार उघडून व्हरांड्यात आले. म्हणजे आले कसली, धावत सुटले. दोघी बाकावर होत्या. धाकटी मोठीच्या मांडीवर डोकं टाकून आडवी, पाय बाकाबाहेर. मोठी ताठ बसलेली, हात धाकटीच्या कपाळावर. मी कागद झेंड्यासारखा वर धरला. जीपमध्ये केलेलं भाषण वाया गेलं होतं ना, ते सगळं तिच्यावर ओतलं. म्हटलं, तुझी आई डोंगर चढून आली! चौकीवर भांडली! सायवन रद्द! दुसरीत बसायचं रद्द! आता समितीने काय, देवाने येऊन सांगितलं तरी तुम्हा दोघींना कोणी वेगळं करणार नाही, एक वसतिगृह, एक खोली, हे बघ, खाली रेघसुद्धा मारून आणलीय! व्हरांड्यातली माणसं वळून वळून बघायला लागली. शिपाई खुर्चीतून उठला.

मोठीने सगळं ऐकून घेतलं. कागद हातात घेतला, रेघ मारलेली ओळ बोटाने शोधली, आणि कागद मला परत दिला.

“झोपेत लाथा मारते ही,” ती म्हणाली. “मला चादर वेगळी द्या.”